वरचं बटण

"काम झालं की सेल आत ठेवायचे न्हाईत. काढायचे, कोरड्या फडक्यात गुंडाळायचे आन् वेगळे ठेवायचे. आत ऱ्हायले की पाणी सोडत्यात, मग फ्लॅश गेलाच म्हणून समज."

शरणप्पांचं हे बोलणं रुद्राणीनं उभ्या संसारात इतक्यांदा ऐकलं होतं, की ते गेल्यावरही कामाच्या वेळी तो आवाज बरोबर कानाशी यायचा. आत्ताही आला. फक्त या वेळी तिला पहिल्यांदाच वाटून गेलं, यांचं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

मुंबईच्या विमानतळावर लांब टेबलापलीकडे उभ्या असलेल्या खाकीतल्या साहेबानं तिच्या हातपिशवीतून ती पुरचुंडी बाहेर काढली होती. कॅमेरा आणि फ्लॅशगन त्यानं आधीच बाजूला ठेवली होती. पुरचुंडीला आडवा-उभा लाल दोरा बांधलेला. साहेबानं ती हातात तोलली, कानाशी नेली आणि मग दोन बोटांनी धरून टेबलाच्या अगदी कडेला ठेवून दिली.

"यात काय आहे, मावशी?"

"सेल."

"कसले सेल?"

"कॅमेऱ्याच्या दिव्याचे. तो बाजूला ठेवलाय ना तुम्ही, त्याचे."

"मग त्यातच घालून का नाही आणले?"

रुद्राणीनं सांगितलं, पण तिचा आवाज मुळातच इतका हळू, की साहेबाला 'आमचे हे म्हणायचे' एवढंच ऐकू आलं.

"कुठायत तुमचे हे?"

"गेले. दिवाळीच्या आधी."

साहेबानं पुरचुंडी पुन्हा जवळ ओढली. मग खिशातून छोटी कात्री काढून त्यानं दोरा कापला. फडक्यातून चार सेल निघाले. प्रत्येकावर पांढरे तीन-तीन पट्टे ओढलेले, आणि मध्ये एक वाळकं बेलाचं पान.

विमानं पळवून न्यायचे दिवस होते ते. वर्तमानपत्रात तशा बातम्या येत, आणि त्या वाचून रुद्राणीनं दर वेळी हात जोडले होते. पण आपल्याही पिशवीकडे कुणी तसल्या नजरेनं बघेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"हे पांढरं काय फासलंय?"

"विभूती."

"सेलला?"

"पूजा केली होती. खंडेनवमीला करतोच की आम्ही सगळ्या हत्यारांची."

"हत्यारं?" साहेबाची मान झटकन वर आली.

"म्हणजे, आपल्या कामाच्या वस्तूंची."

"आता कुठाय खंडेनवमी?"

"कॅमेरा पहिल्यांदाच परदेशी निघालाय. म्हणून केली."

मागच्या रांगेत सफारी घातलेला एक गृहस्थ मोठ्यानं उसासला. "कॅमेऱ्याला नारळ पण फोडला असेल!" तो म्हणाला, आणि दोघं-चौघं हसले. साहेब मात्र हसला नाही. त्यानं बोटानं पांढरं खरवडून नाकाशी धरलं, मान वळवली आणि दुसऱ्या साहेबाला हाक मारली.

रुद्राणी तशीच उभी राहिली. उजवा हात आपोआप छातीशी गेला. पदराखाली, चोळीच्या आत, दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी होती. अडचण आली की हात तिथं जायचा, ही लहानपणापासूनची सवय. पण आज तिकडे हात नेणंही त्या दुसऱ्या साहेबानं टिपलं, हे तिला दिसलं.

---

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, दोन दुकानांच्या मधल्या बोळातून आत गेलं की शरणप्पांचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत तळ्याचं चित्र रंगवलेला पडदा, मागे अंधारी खोली, आणि त्या दोन्हींच्या मध्ये खिडकीशी रुद्राणीची जागा. काचेमागे उजेड धरून ती निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची. लग्नाच्या मुलीच्या गालावरचे देवीचे व्रण, म्हाताऱ्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं तिच्या पेन्सिलीखाली हळूहळू विरून जायचं. कॅमेऱ्याला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता. तो शरणप्पांचा.

सकाळी आंघोळ, मग कपाळाला विभूती, मग गळ्यातल्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा. ती झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा नाही. तापानं फणफणली होती तेव्हाही हे चुकलं नाही. तिच्या आईनं सांगितलं होतं, तिनं आपल्या मुलाला, चनमल्लप्पाला सांगितलं. "गळ्यातलं उतरायचं न्हाय. दुसऱ्याचा हात लागू द्यायचा न्हाय. लागलाच तर स्वामींकडं जायचं, ते सांगतील तवाच पुन्हा घालायचं." पोरगा मान डोलवायचा. चन्नू आज्ञाधारकच होता.

दर महाशिवरात्रीला शरणप्पा त्याला त्या तळ्याच्या पडद्यापुढे बसवून एक फोटो काढत. स्टुडिओच्या भिंतीवर ती रांगच होती. पहिल्या फोटोत चन्नूच्या मुठीपेक्षा गळ्यातली डबी मोठी. पुढे शाळेची टोपी, मिसरूड, चष्मा. चन्नू एक्स-रे काढायचं शिकला आणि मस्कतच्या हॉस्पिटलात लागला, तेव्हा अंधाऱ्या खोलीत औषधं कालवणारा ज्ञानबा म्हणाला होता, "बाप मान्सं भायेरनं काढतो, ल्योक आतनं काढणार. घराणं पुढंच गेलं की!" त्यानंतर भिंतीवर खिळा ठोकलेला होता, पण फोटो नव्हता.

आणि मग मस्कतहून एक रंगीत फोटो आला. समुद्राकाठी चन्नू आणि त्याच्याबरोबर काम करणारी चार पोरं. वारा सुटलेला, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. शेजारपाजारच्यांनी समुद्र बघितला. रुद्राणीनं फोटो खिडकीशी नेला आणि भिंग लावलं.

मानेवर दोरा नव्हता.

तिनं भिंग पुसून पुन्हा लावलं. सावली असेल, कॉलरच्या आत गेला असेल, धुताना रंग उडाला असेल. पण जिनं इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यावरच्या सुरकुत्या मोजून मिटवल्या, तिला दोरा आणि सावली यातला फरक कुणी शिकवायचा? वर बघितलं तर शरणप्पा दारात उभे होते. त्यांनाही दिसलं होतं. आधीच, बहुतेक.

"बघितलं का तुम्ही?" तिनं विचारलं.

"समुद्र झ्याक हाय," शरणप्पा म्हणाले आणि अंधाऱ्या खोलीत गेले.

तेव्हापासून रुद्राणीच्या मनात किडा शिरला. चन्नूच्या पत्रात हवापाण्याबद्दल असायचं, हॉस्पिटलाबद्दल असायचं. 'पूजा वेळच्या वेळी होते ना' या तिच्या प्रश्नाला मात्र उत्तर नसायचं. मेसमध्ये जेवतो म्हणजे काय जेवतो? सुट्टीला येत नाही म्हणजे का येत नाही? पूर्वी जी पत्रं ती आनंदानं वाचायची, ती आता निगेटिव्हसारखी उजेडाला धरून वाचायची, कुठं काय खोडलंय ते शोधत.

शरणप्पांना तिची ती नजर कळत होती. खोकल्यानं आधीच बेजार झालेले, तरी एकदा अंथरुणावर उठून बसले आणि म्हणाले, "ती बाई आठवती का तुला? डोळा काळानिळा घिऊन आलती, पासपोर्टचा फोटो काढाय?"

"आठवते."

"मी काय इचारलं?"

"काही नाही. तोंड तिकडं करा म्हणालात."

"हां. फोटो काढणाऱ्यानं इचारायचं नसतं. समोर जो बसलाय तो बसलाय. मान सरळ कर म्हणायचं, वरचं बटण लाव म्हणायचं. त्याला फोटोत जसं दिसायचंय तसं दिसू द्यायचं." थोडा दम खाऊन ते पुढे म्हणाले, "तू मस्कतला जाशील कधीतरी. हा कॅमेरा ने. त्याचा एक फोटो काढ, तुझ्या हातानं. त्या खिळ्यासाठी. आन् त्याला गळ्याचं इचारू नको."

"मला कुठं येतं फोटो काढायला?"

"माझ्या बाजूला जलम काढलास. न यायला काय झालं? दे वचन."

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. ठेवताना मात्र तिच्या मनात होतं, फोटो काढीन. विचारायचं नाही हे कसं जमायचं?

शरणप्पा गेले. कुंभारीच्या शेतात त्यांना बसवून माती दिली, तेव्हा त्यांच्या डाव्या तळहातावर त्यांचं लिंग ठेवलं होतं. चन्नूची तार आली होती, रजा मिळत नाही म्हणून. तिचा दीर संगप्पा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "गळ्यातलं उतरलं की बापाची माती बी जड होती, वैनी." रुद्राणीनं ऐकून घेतलं. पण म्हणजे त्यालाही ठाऊक होतं तर! सगळ्या भावकीला ठाऊक होतं, फक्त मायलेकांत बोलणं नव्हतं.

पुढे चन्नूनं तिकीट पाठवलं. 'अव्वा, दोन महिने तरी येऊन राहा.' तिनं जायचं ठरवलं. देवळाजवळच्या दुकानातून तिनं एक नवा दोरा आणला, शिवदारा म्हणतात तो, लिंगाची डबी ओवायचा. तो पिशवीत सगळ्यात वर ठेवला. मनाशी ठरवलं होतं, काही विचारायचं नाही. नुसता दोरा त्याच्यापुढे ठेवायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. वचनही मोडत नाही आणि काय ते कळतं.

सोलापूरच्या गाडीत ज्ञानबा तिच्याबरोबर होता. कुर्डुवाडी मागे पडेस्तोवर त्याचं चालूच होतं.

"वैनी, कुणी म्हनलं बॅग धरतो, तर द्यायची न्हाय. कुणी म्हनलं पाणी देतो, तर प्यायचं न्हाय."

"मी तसंही पीत नाही बाहेरचं."

"त्ये बी खरंच. आन् सेल सांभाळा. नवे हाईत. तितली मान्सं लई बेरकी. चांगले सेल काढून घेत्यात आन् तसलेच दिसनारे मेलेले सेल हातावर ठिवत्यात."

"अरे, चार सेलांसाठी कोण एवढं करतंय?"

"चार-चार करूनच माड्या बांधत्यात मान्सं," ज्ञानबा म्हणाला आणि शेंगाचटणीची पुडी तिसऱ्यांदा तपासून ठेवली.

---

दोन्ही साहेबांनी आपसात बोलून घेतलं. पहिला म्हणाला, "सेल आत नेता येणार नाहीत, मावशी. पाकिटात घालून विमानातल्या बाईंकडे देतो. उतरल्यावर मिळतील."

"हेच मिळतील ना?"

"हेच म्हणजे?"

"म्हणजे... हेच."

साहेबानं तिच्याकडे असं बघितलं, की आता कोण कुणावर संशय घेतंय तेच कळेना. त्यानं सेल पाकिटात टाकले, वर तिचं नाव लिहिलं आणि पडद्याकडे बोट केलं. "आत जा. झडती होईल."

पडद्यामागे एक पोलीसबाई होती. रुंद बांध्याची, तोंडात लवंग. तिनं पाठीवरून, कमरेवरून हात फिरवला आणि छातीशी आल्यावर हात थांबला.

"हे काय टणक लागतंय?"

"लिंग आहे."

"सोनं?"

"डबी चांदीची आहे. आत देव आहे."

"काढा."

"काढत नाही आम्ही. जन्मल्यापासून असतं. मेल्यावरही बरोबरच जातं."

"आवो, हितं समदेच देव घिऊन येतात," पोलीसबाई म्हणाली. "गेल्या आठवड्यात एकीच्या गणपतीत बिस्किटं निगाली सोन्याची. मला काय ठावं तुमच्या डबीत काय हाय? द्या हिकडं."

तिनं हात पुढे केला. रुद्राणी एक पाऊल मागे सरली आणि म्हणाली, "हात लावू नका!"

तो आवाज आपला आहे, हे तिला ऐकू आल्यावर कळलं. पडद्याबाहेरची कुजबूज थांबली. बाहेरून साहेबानं विचारलं, "काय झालं?"

पोलीसबाईनं तिच्याकडे निरखून बघितलं. रुद्राणीच्या कपाळावरची विभूती घामानं पसरली होती आणि दोन्ही हातांनी तिनं डबी घट्ट धरली होती. चोरही माल असाच धरून ठेवतात, आणि ते त्या बाईनं पुष्कळदा बघितलेलं असणार.

"काय न्हाय, सायेब. बगते मी." मग ती हळू आवाजात म्हणाली, "मावशे, उगडल्याबिगर सोडता येत न्हाय मला. माजी नोकरी हाय. तिकडं तुमचं इमान सुटतंय. काय करायचं बोला."

रुद्राणीच्या डोळ्यांपुढे तो भिंतीवरचा खिळा आला. परत सोलापूरची गाडी धरायची, की...? तिनं इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात स्टूल होतं. "माझ्या हातानं उघडते," ती म्हणाली. "तुम्ही लांबून बघा."

"बगते. पर नीट दावा."

रुद्राणी स्टुलावर बसली. पिशवीतून घरचं पाणी काढून तिनं बोटं धुतली. पदर डोक्यावरून घेतला, डबी वर काढली, उघडली आणि आतलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. रोज सकाळी घेते तसंच. फक्त रोज समोर भिंत असते, आज एक परकी बाई वाकून, डोळे बारीक करून बघत होती.

"ह्ये काळं काय?"

"देवच. असाच असतो."

"डबी उपडी करा."

तिनं रिकामी डबी उपडी केली. चिमूटभर विभूती खाली सांडली. पोलीसबाईनं ती बघितली, मग पुन्हा तळहाताकडे बघितलं. तोंडातली लवंग तिनं गालात सरकवली.

"झाकून घ्या," ती म्हणाली.

रुद्राणी दोरा गळ्यात सारखा करत होती, तेवढ्यात पोलीसबाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तुमच्यातलंच एक पोरगं आलं हुतं मागं. दोन-तीन वर्सं झाली आसतील. सायेबांनी डबी मागितली, त्यानं दिली मुकाट. सायेबांनी उगडली, आतलं टेबलावर काडून बगितलं, परत दिलं. त्यात काय? पर बाहीर बाकड्यावर बसून रडाय लागलं की त्ये! एवडा बाप्या गडी. मी म्हनलं, काय चोरीला गेलं का रं? तर म्हनतो, दुसऱ्याचा हात लागला. आता स्वामींबिगर गळ्यात घालता येत न्हाय, आन् तितं स्वामी कुटला? आईला काय सांगू?"

रुद्राणीचे हात गळ्याशीच थांबले.

"मग?"

"मग काय. रुमालात बांदलं, खिशात घातलं आन् गेला इमानात. म्या सांगितलं, घाल की, कोन बगतंय? तर म्हनला, आईनं शिकवलंय तसंच करनार."

लागलाच तर स्वामींकडं जायचं, ते सांगतील तवाच पुन्हा घालायचं. वाक्य तिचंच होतं. पण असं किती घरांतल्या किती आयांनी सांगितलं असेल.

उंच होता का? चष्मा होता? बोलताना डावा खांदा उडवत होता? प्रश्न ओठांपर्यंत आले. ही बाई पटकन सांगेल, तिची नजरच तशी, एकदा बघितलेलं न विसरणारी. एक शब्द विचारला की झालं. एवढ्या दिवसांचा किडा हो किंवा नाही, एका घावात मरेल.

रुद्राणीनं तोंड उघडलं.

"का वो? वळकीचा हुता का?" पोलीसबाईनं विचारलं.

"नाही," रुद्राणी म्हणाली. "असंच."

ती उठली, पदर सारखा केला आणि पोलीसबाईला हात जोडले. बाई गोंधळली. झडती घेतल्यावर हात जोडणारं माणूस तिला रोज भेटत नसावं.

---

मस्कतला उतरताना विमानातल्या मुलीनं पाकीट परत दिलं. रुद्राणीनं उघडून बघितलं, तर चार सेल चकचकीत होते. विभूतीचा मागमूस नव्हता. कुणीतरी पुसून काढली होती, नाहीतर मग... ज्ञानबाचं बोलणं तिला आठवलं. तिनं सेल उलटेपालटे करून बघितले. ओळखायची काही खूणच उरली नव्हती.

सेल तिनं फडक्यात गुंडाळले. बांधायला दोरा नव्हता, तो साहेबानं कापला होता. पिशवीत सगळ्यात वर नवा शिवदारा होता. तो तिनं हातात घेतला. डबी ओवेपर्यंत तो नुसता दोराच. तिनं तो पुरचुंडीला आडवा-उभा गुंडाळून गाठ मारली.

बाहेर चन्नू उभा होता. वाळला होता, रंगही रापला होता. उकाड्यानं शर्टाची वरची बटणं उघडीच. तिला बघताच तो पुढे आला आणि पाया पडायला वाकला. कॉलर पुढे लोंबली. आता नुसतं खाली बघायचं, की दिसणार होतं.

रुद्राणीनं डोळे मिटले आणि हातानंच त्याचं डोकं शोधलं.

"अव्वा," तो खालूनच म्हणाला, "अप्पांच्या मातीला आलो न्हाय मी."

"ऊठ. लोक बघतात."

त्याची खोली एवढीशी होती. एक खाट, एक खुर्ची, उन्हासाठी बंद केलेली खिडकी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पूजा होईपर्यंत तो बाहेरच्या पायरीवर बसून राहिला. आत आला तेव्हा ती पुरचुंडीची गाठ सोडत होती. चन्नूनं तो दोरा बघितला. तो कशाचा, हे त्याला सांगायला नको होतं. त्याचा चेहरा उतरला.

"अव्वा, विचार की काय विचारायचं ते. मला ठावं हाय तू कशाला आलीस. संगप्पाकाका काय म्हणाले ते बी कळलंय मला."

"विचारायचं आहेच," रुद्राणी म्हणाली. "त्या भिंतीशी खुर्ची घेतोस का? मागं कॅलेंडर आहे, ते काढून ठेव. फोटोत येईल."

"फोटो?"

"अप्पांनी सांगितलंय. तो खिळा रिकामा आहे अजून."

चन्नू खुर्चीवर बसला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. एक हात पँटच्या खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला.

"अव्वा, मी सांगू का?"

"नंतर. तुला वाटेल तेव्हा. नाही वाटलं तरी चालेल." तिनं एकेक सेल फ्लॅशगनमध्ये बसवला, शरणप्पा बसवायचे तसा, टोक कुठल्या बाजूला ते बोटानं चाचपून. झाकण लावलं. कॅमेरा डोळ्याशी नेला. इतकी वर्षं ती या काचेच्या शेजारी उभी होती; आतून कसं दिसतं ते आज बघत होती. चन्नू त्यात लहान दिसत होता.

"मान सरळ," ती म्हणाली.

त्यानं मान सरळ केली.

"वरचं बटण लाव."

चन्नू तिच्याकडे बघत राहिला. मग खिशावरचा हात उचलून त्यानं बटण लावायला घेतलं. रोज उघडंच राहणारं ते बटण काजात जायला थोडा वेळ लागला. रुद्राणी थांबली. कॉलर मिटली, गळा झाकला गेला.

तिनं फ्लॅश चालू करायचा खटका दाबला. फ्लॅशमधून बारीक शिट्टीसारखा आवाज निघाला. लाल दिवा लागेपर्यंत थांबायचं, घाई करायची न्हाय, असं शरणप्पा म्हणायचे. सेल तेच होते की बदललेले, कुणास ठाऊक.

दिवा लागला.

"हं," ती हळूच म्हणाली. "आता हलू नकोस."